गोंगाट : चार

वसई पोलीस ठाण्यातला फोन वाजला तेव्हा फौजदार शत्रुघ्न भोईर उभ्याउभ्या चहा पीत होता. बसून चहा पिणं त्याला कधी जमलंच नाही. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून पाच मिनिटं झाली होती. तारीख बारा मार्च एकोणीसशे पंच्याऐंशी, वार मंगळवार.

फोन गिरीजच्या चर्चमधून होता. फादरना धाप लागली होती.

"ऑगस्टीन मच्याडो, आमचे मच्याडो सर, बावखलात बुडाले. बाहेर काढलंय, पण गेलेत. लवकर या. लोक धर्माला मारायला उठलेत."

"धर्मा कोण?"

"त्यांच्या वाडीतला गडी. तीस वर्षं झाली त्याला इथे."

भोईरने अर्धा चहा तसाच टेबलावर ठेवला आणि जीपकडे धावला.

मच्याडोंची वाडी गावाच्या टोकाला होती. केळी, नारळ, चार फणस, आणि मधोमध बावखल, म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं दगडी काठाचं तळं. काठावर केळीच्या पानांवर मच्याडो सरांना निजवलं होतं. बासष्ट वर्षांचा उंच माणूस. डोक्याच्या मागच्या बाजूला खोल जखम होती. पाण्यात उतरणाऱ्या पहिल्या पायरीच्या कडेला रक्त लागलं होतं.

फणसाखाली दगडी बाक होता. त्यावर कोकम सरबताचे दोन पेले. एक अर्धा संपलेला, दुसरा काठोकाठ भरलेला. बर्फ विरघळून गेला होता.

धर्माला चौघांनी दंडाला धरून ठेवलं होतं. नखशिखांत भिजलेला, पन्नाशी उलटलेला माणूस. ओठ फुटला होता. तो पाण्यात पडल्याने फुटला नव्हता.

"सोडा त्याला," भोईर म्हणाला. "कुठे होतास रे तू?"

"पल्याडच्या टोकाला. केलींना पानी सोडत होतो."

"मग इकडे कधी आलास?"

"जेवायची येल झाली, येऊन पंप बंद केला. बगतो तं सर पान्यात उपडे. उडी मारली, काढले, मंग बोंब मारली."

"दुसरं कोणी दिसलं?"

"पंपाचा आवाज होता, साहेब. कोन आला, कोन गेला, कलनार कसं?"

"सरांशी तुझं भांडण झालं होतं?"

उत्तर मागून आलं.

"झालं होतं. काल संध्याकाळी." बोलणारी सरांची मुलगी सालोमी होती. ती वसईच्या शाळेत शिकवत असे. निरोप मिळताच तशीच धावत आली होती. बोटांना अजून खडू लागलेला होता. "पप्पांना अर्धं बावखल बुजवून तिथे खोल्या काढायच्या होत्या. हा म्हणाला, बावखल बुजवाल तर मीच तुम्हाला त्यात बुडवीन. मी माझ्या कानांनी ऐकलं."

"म्हनाला होतास?" भोईरच्या तोंडून घरचीच बोली निसटली.

"म्हनालो होतो," धर्मा म्हणाला.

शेजारच्या रेजिनाबाईंनी जबाब दिला. साडेबाराची एस.टी. गेली तेव्हा सर कुंपणापाशी आले होते. "बर्फ मागितला त्यांनी. म्हणाले, कोणीतरी यायचंय. एक वाजायला दहा कमी असताना धर्माची बोंब ऐकली. मधे भात उतरवायला आत गेले होते. नाही, कोणी दिसलं नाही. रस्त्याला दोन-चार गाड्या गेल्या असतील, तेवढंच."

म्हणजे वीस मिनिटं. साडेबारा ते बारा पन्नास. जे काय घडलं ते या वीस मिनिटांत.

भोईर एका जागी थांबू शकला नाही. तो केळीतून थेट वाडीच्या पल्याडच्या टोकाला गेला. एकामागून एक नऊ वाफे भिजले होते. दहाव्याचा बांध कुदळीने नुकताच फोडला होता आणि पाणी वाफ्याच्या अर्ध्यात पोचलं होतं. भोईरचा बाप खाडीकाठचा शेतकरी. हे काम त्याने पोरवयात स्वतः केलं होतं. एक वाफा भरायला दहा मिनिटं लागतात, आणि भरला की लगेच पुढचा बांध फोडावा लागतो. माणूस जागचा हलला तर पाणी काठावरून उतू जातं. इथे एका वाफ्याचंही पाणी उतू गेलं नव्हतं.

ठाण्यात परतल्यावर त्याने हे मोठ्या साहेबांना सांगितलं. ते हसले नाहीत, पण डोळे मिटले.

"भोईर, कोर्टात केळी साक्ष देत नाहीत. धमकी दिलीय, प्रेताजवळ सापडलाय, भिजलेला आहे. त्याला अटक दाखवा. उद्या पाचच्या आत कोर्टापुढे उभा करायचाय."

"आणि तो दुसरा पेला, साहेब? पाहुणा कोण होता?"

"पेला भरलेलाच होता ना? मग पाहुणा आलाच नसेल."

*

मच्याडो सर सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले रेडिओ अभियंता. मुंबईच्या एका खाजगी संशोधन संस्थेने उमेळ्याला उपग्रहाचे संकेत टिपणारं छोटं ग्रहण केंद्र काढलं होतं, त्याचे ते प्रमुख. केंद्र गेल्या नोव्हेंबरात सुरू झालं. रोजच्या नोंदी ठेवायला फेबियन लोपीस नावाचा तरुण होता. ईस्टरनंतर त्याचं सालोमीशी लग्न ठरलं होतं.

संध्याकाळी पाच वाजता भोईर उमेळ्याला पोचला. फेबियन गिरीजहून नुकताच आला होता. दुपारी दोनला निरोप मिळाल्यापासून तो सालोमीजवळच होता. आता केंद्राला कुलूप लावून पुन्हा तिकडेच जायला निघाला होता. डोळे सुजलेले होते.

पत्र्याच्या खोलीबाहेर सिमेंटच्या चौथऱ्यावर बारा फुटांची तबकडी उभी होती. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची. ती दक्षिणेकडे तोंड करून जवळजवळ आभाळाकडे बघत होती. तीन सळयांच्या तिकाटण्यावर, तबकडीच्या बरोबर समोर, एक पत्र्याचा डबा अधांतरी बसवला होता.

"उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी जाळीवर आपटतात आणि त्या डब्यात गोळा होतात," फेबियन म्हणाला.

"उपग्रह फिरतो ना? मग ही का फिरत नाही?"

"तो छत्तीस हजार किलोमीटरवर आहे. पृथ्वी चोवीस तासांत स्वतःभोवती फिरते, तोही तेवढ्याच वेळात फेरी घेतो. त्यामुळे आपल्या दृष्टीने तो एकाच जागी टांगल्यासारखा राहतो. एकदा तबकडी रोखली की झालं."

"आज दुपारी साडेबारा ते एक तुम्ही कुठे होता?"

फेबियनने मान वर केली. "मलाही विचारणार?"

"सगळ्यांनाच विचारतोय."

"इथे. या खुर्चीत. बारा ते दोन माझ्या नोंदी असतात. दर पाच मिनिटांनी."

"कोणी पाहिलं?"

"रखवालदार श्रीपत गावाला गेलाय. त्याची बायको कमळी दुपारी मिठागरावर असते. पण हे रजिस्टर आहे ना."

भोईरने रजिस्टर उघडलं. मोत्यासारखं अक्षर. दोन रकाने होते. पहिल्यावर लिहिलं होतं 'संकेत', दुसऱ्यावर 'गोंगाट'.

"गोंगाट म्हणजे?"

"उपग्रहाचा संकेत फार क्षीण असतो, साहेब. लग्नाच्या मांडवात कोणी कानात कुजबुजावं तसा. आजूबाजूचा गलका वाढला की कुजबूज ऐकू येत नाही. तो गलका किती ते या दुसऱ्या काट्यावर दिसतं. शून्य ते दहा."

बारा तीस, गोंगाट चार. बारा पस्तीस, चार. बारा चाळीस, चार. पंचेचाळीस, पन्नास, पंचावन्न, चार. भोईरने मागची पानं उलटली. सोमवार, चार. रविवार, चार. कुठे एखादा पाच. शाई तीच, अक्षर तेच, कलही तोच.

"पाऊण वाजता काय करत होता?"

"दिल्लीहून कॉलेजच्या मुलांसाठी कार्यक्रम लागतो, तो पाहिला. आज समुद्रातल्या प्रवाळांवर होता."

"सुरुवातीपासून पाहिलात?"

"पहिल्या अक्षरापासून. चित्र अगदी काचेसारखं होतं."

"मधे एकदाही गेलं नाही?"

"एकदाही नाही. रजिस्टर सांगतंय ना."

भोईरची नजर भिंतीवर गेली. तिथे महिन्याभराच्या कार्यक्रमांचं छापील वेळापत्रक लावलेलं होतं. बारा मार्च : प्रवाळ.

"रजिस्टर मी नेतो," तो म्हणाला.

"न्या की."

फेबियन स्कूटरवरून निघून गेला. फाटकाशी कमळी उभी होती. मिठागरावरून आलेली, पाय पांढरे पडलेले.

"सर खरंच गेले, साहेब?" तिने विचारलं. "परवा रयवारी तं इथंच होते. मॅचची फायनल होती ना, सगला गाव इथं लोटलेला. टीवी वरांड्यात काडलेली."

"फेबियन पण होता?"

"तो रयवारी कुटला येतो? सर एकटे. आनि ऐन मॅचमदे टीवीवर मुंग्या! दहा मिन्टं नुसत्या मुंग्या. पोरांनी केवडी बोंबाबोंब केली. सर मात्र हसत होते. एकदा घड्याल बगत, एकदा तो काटा बगत, आनि वहीत लिवत. मंग आपोआप चित्र आलं."

"किती वाजले होते?"

"पाउन वाजला असंल. माजा भात शिजत होता."

*

रात्रभर भोईरच्या डोक्यात ते चार-चार-चार फिरत राहिले. रविवारी फेबियन केंद्रावर नव्हता, तरी रविवारच्या पानावर त्याच्या अक्षरात नोंदी होत्या. म्हणजे माणूस घरबसल्या आकडे लिहीत होता. ही लबाडी झाली. पण लबाडी म्हणजे खून नव्हे. रविवारी काही बिघाड झाला असेल, तसा मंगळवारी कशावरून झाला? मंगळवारी फेबियन त्या खुर्चीत नव्हता, हे सिद्ध कसं करायचं?

बुधवारी सकाळी त्याने हवालदाराला स्कूटरवरून उमेळ्याहून गिरीजला पाठवलं. अठरा मिनिटं लागली. जमण्यासारखं होतं. पण नुसतं जमण्यासारखं असून भागत नाही.

दहा वाजता तो मच्याडोंच्या घरी पोचला. अंगणात बाकं मांडली जात होती. शवपेटी, फुलं, बाहेरगावच्या नातेवाइकांना तारा, सगळं फेबियन बघत होता. त्याची स्कूटर अंगणातच उभी होती. शेवटचा मिस्सा, दफनाआधीची चर्चमधली प्रार्थना, चारला होता.

सालोमीने भोईरला सरांची खोली दाखवली. टेबलावर हत्यारं, तारा, पृथ्वीचा गोल. भिंतीवर चर्चचं कॅलेंडर होतं. मार्चच्या पानावर दहा ते चौदा या पाच तारखांवर पेन्सिलीने चिमुकली वर्तुळं काढली होती. प्रत्येकाला बारीक बारीक किरणं. बारा तारखेचं सगळ्यात मोठं.

"हे काय आहे?"

"उपासकाळ चालू आहे. एखादा नवस असेल," सालोमी म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "नाही. पप्पा नवस करत नसत. देवाशी सौदा करू नये म्हणायचे."

"सर वही वापरत होते?"

"निळ्या पुठ्ठ्याची. कायम जवळ असायची. कालपासून शोधतेय, कुठे सापडत नाही."

"बाई," भोईर हळू आवाजात म्हणाला, "एक गडी कोठडीत आहे. संध्याकाळी मी त्याला कोर्टात नेणार आहे. तुम्ही काल सगळं सांगितलंत का?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर फेबियन कोणाला तरी फुलांची पाटी कुठे ठेवायची ते सांगत होता.

"सोमवारी रात्री जेवताना पप्पा म्हणाले, लग्नपत्रिका छापायला अजून देऊ नकोस. का, ते सांगितलं नाही. म्हणाले, दोन दिवस थांब, कदाचित काहीच नसेल." ती भोईरकडे वळली. "त्याचा याच्याशी काय संबंध, म्हणून बोलले नाही."

भोईर बाहेर आला. अंगणात तीन येरझाऱ्या घातल्या. पाच सूर्य. आज तेरा तारीख, आजही एक सूर्य होता. आणि सर रविवारी मुंग्या बघून हसले होते. बिघाड झाल्यावर कोणी हसत नाही. हसतो तो वाट बघत असलेला माणूस.

साडेबाराला तो उमेळ्याला होता. कमळीला मिठागरावरून बोलावून कुलूप उघडायला लावलं. टीव्ही लावला. पडद्यावर दिल्लीचं बोधचिन्ह होतं, स्वच्छ आणि स्थिर. गोंगाटाचा काटा चारवर होता.

"तू पडद्यासमोर बस. काही झालं तर हाक मार," असं सांगून तो बाहेर चौथऱ्यावर जाऊन उभा राहिला. ऊन टाळूवर होतं. बारा पस्तीस. काहीच घडत नव्हतं. त्याने घड्याळाचा पट्टा सैल केला, पुन्हा आवळला. समोरच्या डब्याची सावली जाळीवर पडली होती, मधल्या आसापासून जेमतेम तीन बोटं पश्चिमेला. ती सावली सरकत होती.

बारा एकोणचाळीस.

"साहेब! मुंग्या! मुंग्या आल्या!"

भोईर आत धावला. पडद्यावर काही उरलं नव्हतं, नुसती करड्या ठिपक्यांची खळबळ. गोंगाटाचा काटा दहाच्या पलीकडे जाऊन थरथरत होता. तो पुन्हा बाहेर आला, तबकडीकडे पाहिलं, आणि कालपासून पहिल्यांदाच जागच्या जागी थबकला.

डब्याची सावली तबकडीच्या बरोबर मध्यावर, आसाच्या लोखंडी टोपीवर येऊन बसत होती.

दहा मिनिटांनी सावली पूर्वेला सरकली. आतून कमळी ओरडली, "आलं, साहेब! चित्र आलं!"

*

अडीच वाजता मच्याडोंच्या ओट्यावर चार माणसं होती. सालोमी, रेजिनाबाई, फेबियन आणि भोईर. फाटकाशी हवालदार उभा होता. आतल्या खोलीत बायका माळेची प्रार्थना म्हणत होत्या.

"फेबियन," भोईर म्हणाला, "एकच गोष्ट पुन्हा विचारतो. काल पाऊण वाजता चित्र कसं होतं?"

"सांगितलं ना. स्वच्छ."

"गोंगाट किती?"

"चार."

"तुमच्या डोळ्यांनी पाहिलात?"

"माझ्या डोळ्यांनी. ही वेळ आहे का, साहेब, हे विचारायची?"

"हीच वेळ आहे." भोईर उठून उभा राहिला. "आज मी तुमच्या केंद्रावर होतो. बारा एकोणचाळीसला चित्र गेलं. काटा दहाच्या बाहेर. दहा मिनिटांनी सगळं पहिल्यासारखं."

"बिघाड असेल. आज झाला म्हणून काल झाला असं थोडंच आहे?"

"मीही तेच म्हणत होतो. बिघाड कधीही होतो, नाहीतर होतच नाही. पण रविवारी पाऊण वाजता झाला, आज पाऊण वाजता झाला. घड्याळ लावून होणारा बिघाड कुठला? मी शेतकऱ्याचा पोरगा. उपग्रहातलं मला कळत नाही, सावलीतलं कळतं. तबकडी उपग्रहाकडे बघते. आज त्या वेळी डब्याची सावली तबकडीच्या ऐन मध्यावर पडली. सावली मध्यावर म्हणजे सूर्य नाकासमोर. म्हणजेच सूर्य बरोबर उपग्रहाच्या पाठीमागे."

सालोमी पुटपुटली, "ते पाच सूर्य..."

"हो, बाई. मी चर्चच्या फोनवरून मुंबईला संस्थेत विचारलं. तिथल्या साहेबांनी सांगितलं ते असं. सूर्य उजेडाबरोबर रेडिओ लहरीही ओततो. वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि ऑक्टोबरच्या तोंडाला, चारपाच दिवस तो दुपारी उपग्रहाच्या मागून जातो. त्या गलक्यात उपग्रहाची कुजबूज बुडते. हे टळत नाही. कोणत्या गावात कोणत्या मिनिटाला, हेही आधी मांडता येतं. उमेळ्यासाठी दहा ते चौदा मार्च, आणि सगळ्यात जास्त बारा तारखेला. म्हणजे कालच. काल पाऊण वाजता त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला मुंग्यांशिवाय काही दिसणं शक्यच नव्हतं."

आतल्या प्रार्थनेचा सूर तेवढा ऐकू येत होता.

"केंद्र नोव्हेंबरात सुरू झालं," भोईर पुढे म्हणाला. "ऑक्टोबरचे ते चारपाच दिवस तुम्ही पाहिलेलेच नाहीत. रोज दुपारी बसला असता तर रविवारी, सोमवारी कळलं असतं. पण तुम्ही आकडे लिहायचात ते दिवस संपल्यावर, एका बैठकीत. कालही गिरीजहून परतल्यावर तसंच लिहिलंत. प्रवाळ तर भिंतीवरच लिहिलेले होते."

"मी लबाडी केली असेल," फेबियन कोरड्या आवाजात म्हणाला. "त्याने मी खुनी ठरत नाही."

"बरोबर. म्हणून मला सरांची निळी वही हवी आहे. काल परतल्यावर घाईने आकडे लिहिलेत, आणि दोन वाजल्यापासून तुम्ही क्वचितच एकटे होता. दुपारी या घरी, संध्याकाळी माझ्यासमोर, रात्रभर इथे जागरणाला. लपवायला किंवा जाळायला वेळ मिळाला असेल असं वाटत नाही. स्कूटरची किल्ली द्या."

फेबियनचा हात खिशाकडे गेला आणि थांबला.

"किल्ली माझ्याकडे आहे," सालोमी म्हणाली. "सकाळी मेणबत्त्या आणायला त्याने माझ्या चुलतभावाला दिली होती, ती मी ठेवून घेतली."

ती ओट्यावरून उतरली. भोईरने तिला थांबवलं नाही. तिने स्कूटरचा बाजूचा डबा उघडला. पुसायचं फडकं, पाना, आणि फडक्याखाली निळा पुठ्ठा.

तिने शेवटचं पान काढलं. ती मोठ्याने वाचू लागली.

"रविवार. स्वतः उमेळ्याला. बारा एकोणचाळीस ते बारा एकोणपन्नास गोंगाट पूर्ण, गणिताप्रमाणे. फेबियन आला नाही. सोमवार. त्याचं रजिस्टर पाहिलं. दोन्ही दिवशी चार. पाच महिन्यांचे सगळे आकडे असेच असणार, आणि याच आकड्यांवर त्याने परदेशातल्या शिष्यवृत्तीसाठी प्रबंध पाठवलाय. उद्या साडेबाराला वाडीत बोलावलं आहे. कसं पकडलं ते सांगणार नाही. त्याने आपल्या तोंडाने कबूल केलं तर मी संस्थेला काही लिहिणार नाही. आम्ही दोघं मिळून नव्याने नोंदी घेऊ. पोरगा हुशार आहे. सालोमीला यातलं काही कळायला नको."

तिने वही मिटून फेबियनसमोर ओट्यावर ठेवली.

फेबियन बाकावर बसला.

"मी उघडली नव्हती," तो म्हणाला. "हिंमत झाली नाही. ते एवढंच म्हणत होते, तुझे आकडे खोटे आहेत, बोल. मी म्हटलं, सिद्ध करा. त्यांनी वही हातात घेतली. मला वाटलं, आता सगळं संपलं, शिष्यवृत्ती, लग्न. मी वही ओढली, ते सोडेनात, मी ढकललं. पायरीवर डोकं आपटलं आणि पाण्यात गेले."

"जिवंत होते. डॉक्टर म्हणतात, फुफ्फुसात पाणी आहे," भोईर म्हणाला. "तुम्हाला पोहता येतं?"

उत्तर रेजिनाबाईंनी दिलं.

"याच बावखलात शिकलाय तो," त्या म्हणाल्या. "सरांनीच शिकवलं."

*

पाचच्या आत कोर्टात कागद गेले. त्यांवरचं नाव बदललं होतं. धर्माला सोडायचा हुकूम यायला मात्र सात वाजले.

सालोमी ठाण्याच्या पायरीवर उभी होती. दफनविधी आटोपून ती थेट तिथेच आली होती. अंगावर काळी साडी आणि हातात पिशवी. पिशवीत सरांचा धुतलेला सदरा आणि पंचा होता. धर्माचे कपडे अंगावरच वाळून कडक झाले होते.

तो बाहेर आला आणि तिला पाहून थांबला. बाजूला भोईर उभा होता.

"धर्मादादा," ती म्हणाली, "मीच तुझं नाव घेतलं. सगळ्यांसमोर. तुला मारलं त्यांनी, माझ्यामुळे."

धर्माने पिशवी हातात घेतली. आतला सदरा पाहिला, हात फिरवला. मग फुटलेल्या ओठाने कसंबसं म्हणाला,

"त्यात काय, बाय? ल्हानपनी पडलीस का माजंच नाव घिऊन रडायचीस. दुसऱ्या कोनाचं घेनार होतीस?"

ती पायरीवर खाली बसली आणि दोन दिवसांत पहिल्यांदा रडली. धर्मा तिच्या बाजूला बसला. भोईर आत गेला, तीन चहा सांगितले, आणि ते येईपर्यंत खुर्चीत बसून राहिला.